पट्टी कुणाची?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय ऐकून हसाल, तर हसून घ्या :) विषय आहे विटा फोडायच्या गेममधली ती खालची पट्टी. कुणी पॅडल म्हणतं, कुणी बॅट, आमच्या बिल्डिंगमधली पोरं फळी म्हणायची. माझं म्हणणं एवढंच, की अख्ख्या गेममध्ये ही एकच वस्तू खेळणाऱ्याच्या मालकीची असते, आणि फोनवरच्या गेमवाल्यांनी तीच गुपचूप काढून घेतली आहे.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे चीड का येते ते कळेल. १९७२ च्या पाँगमध्ये ॲलन अल्कॉर्नने पट्टीचे आठ भाग पाडले होते. चेंडू मधल्या भागावर आला की सरळ परत, कडेला लागला की तिरका. अकरावी-बारावीच्या फिजिक्सप्रमाणे हे चूकच. सपाट पृष्ठभागावरून वस्तू ज्या कोनात येते त्याच कोनात जायला हवी. पण तसं केलं असतं तर खेळणारा म्हणजे नुसता गेटवरचा वॉचमन, चेंडू आला की अडव. आठ भाग केले म्हणून नेम धरता यायला लागला.

१९७६ मध्ये अटारीचा ब्रेकआउट आला. पट्टी आडवी झाली, डोक्यावर विटांच्या आठ रांगा आल्या. पट्टी हलवायला गोल नॉब. जेवढा फिरवाल तेवढीच सरकणार, फिरवाल त्याच वेगाने. या गेमचा प्रोटोटाइप बनवणारा स्टीव्ह वॉझनियाक. पुढे १९७७ च्या ॲपल टू मध्ये रंग, आवाज आणि पॅडल जोडायची सोय आली, त्यामागे बेसिकमध्ये ब्रेकआउट लिहिता यावा ही त्याची हौस होती. एका पट्टीपायी कॉम्प्युटरचं डिझाइन ठरलं, राव!

नॉबचं महत्त्व आमच्या वागळे इस्टेटला वेगळं सांगायला नको. एमआयडीसीची ही पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ सालची. आता त्याच रस्त्यांवर काचेच्या इमारतींत आम्ही कीबोर्ड बडवतो ते सोडा, पण लेथवर काम केलेल्या कुणालाही विचारा. चाक फिरवलं तेवढंच टूल पुढे जायला हवं. मशीन स्वतःच्या मनाने 'मदत' करायला लागलं तर जॉब गेला भंगारात.

आता मुद्द्याचं. ब्रेकआउटमध्ये चेंडू लाल रांग भेदून वरच्या भिंतीला लागला की पट्टी निम्मी व्हायची. म्हणजे तुम्ही चांगलं खेळलात म्हणून काम अवघड! यात एक मान होता. तुम्हाला जमेल असं गेम गृहीत धरत होता. आता फोनवरच्या बऱ्याच फुकट नकला बघा. हरलात? जाहिरात बघा, जीव घ्या, पट्टी रुंद करून घ्या. चांगलं खेळल्यावर अरुंद होणारी पट्टी आता वाईट खेळल्यावर रुंद होते, आणि तीही साबणाची जाहिरात बघून.

माझा एक मित्र मोबाइल गेम बनवतो. रोड नंबर १६ वर चहा पिताना तो म्हणाला, "अरे, १९८६ च्या अर्कनॉइडमध्येही पट्टी मोठी व्हायचीच की." व्हायची ना! पण कशी? विटेतून कॅप्सूल खाली पडायची. ती पकडायला एका बाजूला धावायचं, तेवढ्यात चेंडू दुसऱ्या बाजूला उतरत असायचा. कॅप्सूल हवी की चेंडू, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं आणि चुकलं तर जीव जायचा. ती रुंदी पट्टीनेच कमावलेली होती. जाहिरातीच्या वेळी पट्टी कुठे असते? पडद्यावर तरी असते का?

दुसरा युक्तिवाद 'टाइमपास आहे, एवढं काय' हा. डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये एका हाताने कडी धरून अंगठ्याने पट्टी सरकवणाऱ्या माणसाचा चेहरा बघा आणि मग टाइमपास म्हणा. त्या गर्दीत त्याच्या ताब्यात तेवढी एकच गोष्ट असते. (अंगठ्याखाली पट्टीच झाकली जाते, ही वेगळी बोंब. त्यावर पुढच्या शनिवारी.)

आणि एआयवाले मध्ये बोलतीलच. डीपमाइंडच्या प्रोग्रामने ब्रेकआउट स्वतःच शिकून कडेला बोगदा पाडायची युक्ती शोधली, २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं, सगळं खरं. पण २०१७ मध्ये विकेरियसच्या संशोधकांनी अशाच जातीच्या शिकलेल्या प्रोग्रामसमोर पट्टी किंचित वर सरकवून ठेवली, तर त्याचा खेळ कोसळला. माझ्या आठ वर्षांच्या भाचीला हेच करून दिलं. दोन चेंडू गेले, तिसऱ्यापासून ती पुन्हा खेळायला लागली. ही जुळवून घेण्याचीच तर मजा आहे. आणि नेमकी तीच आपण जाहिरातीच्या बदल्यात काढून घेतो. 'आपण' म्हणतोय, कारण हा कोड लिहिणारे शेवटी आपल्यातलेच आहेत, वरून कुणी पडलेले नाहीत.

मी मित्राला एवढंच सुचवलं, की जाहिरात बघून रुंद केलेल्या पट्टीचा स्कोअर वेगळ्या यादीत दाखवा. दोन ओळींचं काम आहे. तो कटिंग संपवत म्हणाला, "मग जाहिरात कोण बघेल?"