बेगमी करा, पण साठेबाजी नको

२४ मार्च २०२०. रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि मुंबई-पुण्यात लगेच किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. जीवनावश्यक वस्तूंची दुकाने सुरूच राहणार होती, तरीही अनेकांनी महिन्या-दोन महिन्यांचे सामान उचलले.

टंचाई होते कशी? दुकानदार नेहमीच्या खपाच्या हिशेबाने माल भरतो. दहा घरांनी चौपट घेतले की अकराव्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. माल संपलेला नसतो, तो काही घरांत अडकलेला असतो.

याचा चटका कोणाला बसतो? साखरशेतसारख्या जव्हार-मोखाड्यातील गावांत अनेक घरांचे तेल-मीठ मजुरीच्या पैशावर येते. काम थांबले की साठा करणे दूरच, रोजचा बाजारही अवघड होतो. तिथे भाव चढणे म्हणजे ताटातली डाळ जाणे.

मग साठवण चुकीची का? मुळीच नाही. पावसाळ्याआधीची बेगमी आणि कणगीतली नाचणी-वरई हे शहाणपणच आहे. पण ती हंगामात, सवडीने होते, घबराटीत नव्हे.

साथीच्या काळात दोन आठवड्यांचे सामान आणि नेहमीची औषधे पुरेशी आहेत. रेशनचा हक्क विसरू नका : अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य. २०२० मध्ये त्यावर माणशी ५ किलो मोफत धान्य मिळाले, कारण गोदामांत साठा होता.

‘उद्यापासून सगळे बंद’ असा संदेश आला, तर आधी तहसील कार्यालयात खात्री करा. पिशवी त्यानंतर उचला.