गल्ल्यावर कोण बसतं, हे वारसा कायदा विचारत नाही

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज, कुठल्याही दुकानात संध्याकाळी डोकावा. गल्ल्यावर बऱ्याचदा मालकाची बायको नाहीतर धाकटा मुलगा असतो. उधारी कुणाकडे किती, कुठल्या व्यापाऱ्याचे पैसे कधी द्यायचे, सगळं त्यांना तोंडपाठ. वाळूजला जॉबवर्क करणाऱ्या छोट्या युनिटमध्येही तेच: लेथवर धाकटा भाऊ, बिलं बघायला वहिनी. कागदावर मात्र एकच नाव, एकच पॅन. प्रोप्रायटरी धंद्याला मालकापासून वेगळं अस्तित्व नसतं.

म्हणून मालक अचानक गेला की धंद्याचाच श्वास अडकतो. चालू खात्यातले व्यवहार थांबतात. त्याच्या नावाची जीएसटी नोंदणी रद्द करून पुढे धंदा चालवणाऱ्याला स्वतःच्या नावाने नवी घ्यावी लागते, शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 फॉर्म भरून वळवावं लागतं. उधारी कोर्टातून वसूल करायची तर उत्तराधिकार प्रमाणपत्र हवं. पुरवठादार तोवर थांबत नाहीत.

‘नॉमिनी टाकलाय ना, मग झालं,’ असं दुकानदार फार विश्वासाने सांगतात. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून चाललेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालकी ठरते ती मृत्युपत्राने, ते नसेल तर वारसा कायद्याने.

आणि वारसा कायदा काय म्हणतो? समजा, हिंदू कुटुंब, धंदा मालकाने स्वतः उभारलेला, मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, आई, दोन मुलगे, एक मुलगी. 1956 च्या कायद्याने प्रत्येकाला पाचवा हिस्सा. वर्षानुवर्षं शटर उघडणारा मुलगा आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा इथे सारखेच. मुलीचा समान हिस्सा न्याय्यच आहे, त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. माझं म्हणणं एवढंच, की दुकानात घातलेल्या श्रमाला या हिशेबात रकानाच नाही. याच कायद्याचं कलम 22 थोडा आधार देतं: एखादा वारस आपला हिस्सा विकायला निघाला, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा, आणि त्यात धंद्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण त्यासाठी हातात रोकड हवी.

श्रम मोजायचेच म्हटलं तर कायद्याला ते जमतं. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात व्यापारी गाळ्याचा भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा विचार आधी होतो. तसा कुणी नसेल तरच इतर वारसांचा.

घटस्फोटात तर बाईची पुरती कोंडी होते. आपल्याकडे लग्नानंतरच्या कमाईत पत्नीचा आपोआप अर्धा वाटा नसतो. दुकान तिने वाढवलेलं असलं तरी ती कोर्टात उभी राहते पोटगी मागणारी म्हणून. नवरा सांगतो, उलाढाल दिसते, नफा काही उरत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र बंधनकारक केलं, ते बरं झालं. रोखीचा गल्ला मात्र शपथपत्रात पुरता उतरत नाही.

म्हणून लग्नानंतर सून काउंटरवर बसू लागली, की तिला रीतसर पगार द्या नाहीतर भागीदार करा. करारपत्रात एक भागीदार वारला तर पुढे काय, हे लिहाच. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर, भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. शहरातल्या मुस्लिम व्यापारी घरांत हे आणखी निकडीचं आहे, कारण तिथे मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच मालमत्ता देता येते, आणि सुन्नी कुटुंबात एखाद्या वारसाला त्यातून द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. हयातीतली भागीदारी किंवा ताबा देऊन केलेला हिबा, म्हणजे बक्षीस, हेच मार्ग उरतात.

सरकारनेही एक करावं. राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नीला, मुलाबाळांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. दुकानाच्या गाळ्याला ही सवलत नाही. शुल्काचे पैसे कुठून आणायचे म्हणून बाप कागद पुढे ढकलतो आणि भांडण मुलांच्या पदरी टाकून जातो. ज्या घराची चूल एका गाळ्यावर चालते, त्या एका गाळ्यापुरती तरी ही सवलत मिळायला हवी. मागणी व्यापारी महासंघानेच लावून धरावी.