रेस तीन वर्षं, उधारी अजून चालूच

मंडळी, आज जरा लांबचा विषय घेतोय. लांबचा म्हणजे दिल्लीजवळचा. पण शेवटपर्यंत वाचा, आपल्या हायवेपर्यंत येतोच तो.

आपल्याकडं कुणी ऐपतीबाहेरचा बंगला बांधला, वास्तुशांतीला पाच गावं जेवायला घातली आणि पुढं लाइटबिल भरायला पैसे उरले नाहीत, तर पारावर काय बोललं जातं ते मी लिहायची गरज नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटची गोष्ट थेट तशीच आहे. फक्त आकडे मोठे आणि वास्तुशांतीला मुख्यमंत्री.

३० ऑक्टोबर २०११ ला तिथं भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. पाच किलोमीटरच्या वर ट्रॅक, १६ वळणं, जगभर ट्रॅक बांधणाऱ्या जर्मनीच्या हर्मन टिल्केचं डिझाइन. खर्च सुमारे २ हजार कोटी. लाखभर माणसं बसतील एवढी जागा. पहिल्या वर्षी ९० हजारांवर लोक आले. सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला, तेव्हाच्या मुख्यमंत्री मायावतींनी त्याला ट्रॉफी दिली. आपला नारायण कार्तिकेयन १७ वा आला. घरच्या ट्रॅकवर भारतीय माणूस फॉर्म्युला वन चालवतोय हे दृश्य मी टीव्हीवर बघितलंय, आणि खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला होता. दुसऱ्या वर्षी गर्दी ६५ हजारांच्या आसपास आली. २०१३ ला व्हेटेलनं तिथंच चौथं जगज्जेतेपद पक्कं केलं, ट्रॅकवर गाडी गरागरा फिरवून धुरळा उडवला, खाली उतरून गाडीला हात जोडले. ती शेवटची शर्यत. करार पाच वर्षांचा होता, रेस झाल्या तीन.

का बंद पडली? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: सरकारनं टॅक्स लावला म्हणून. ते खरं आहे, पण अर्धंच. केंद्राच्या क्रीडा खात्यानं हा खेळ नव्हे, करमणूक आहे अशी भूमिका घेतली होती, त्यामुळं सवलती मिळाल्या नाहीत. राज्यानं करमणूक कर माफ केला तर ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि तिकिटाच्या पैशातले २५ टक्के बाजूला ठेवायला लागले. पुढं २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फॉर्म्युला वन कंपनीनं इथं जे कमावलं त्यावर इथं कर भरावा लागेल.

याच खटल्याच्या कागदांत खरी गंमत आहे. रेस भरवण्याचा हक्क मिळावा म्हणून जेपी समूहाच्या कंपनीनं परदेशी कंपनीला द्यायची रक्कम होती ४ कोटी डॉलर. तेव्हाच्या भावानं जवळजवळ २०० कोटी रुपये, आणि तेही तीन दिवसांच्या खेळासाठी. बरं, टीव्हीचे हक्क, ट्रॅकवरच्या जाहिराती, बड्या पाहुण्यांच्या पॅडॉकचं उत्पन्न हे सगळं फॉर्म्युला वनच्याच कंपन्यांकडं. ट्रॅकवाल्याच्या हातात राहिली मुख्यतः तिकीट खिडकी. म्हणजे जत्रा आपल्या रानात, मंडप आपला, पाणी आपलं, आणि पाळणे, दुकानं, पार्किंग सगळ्याचा ठेका मुंबईवाल्याकडं. वर त्याला आपणच सुपारी द्यायची. हा हिशेब उंब्रजच्या बाजारात भाजी विकणारी मावशीसुद्धा बोटावर मोजून सांगेल की बसत नाही.

मग एवढ्या हुशार लोकांना तो कळला नाही का? कळला होता. रेस हे निमित्त होतं, धंदा जमिनीचा होता. यमुना एक्स्प्रेसवेच्या कडेला १ हजार हेक्टर, म्हणजे जवळजवळ अडीच हजार एकर जमीन प्राधिकरणानं जेपीला दिली. ट्रॅकच्या भोवती फ्लॅट, बंगले, प्लॉट. 'तुमच्या गॅलरीतून फॉर्म्युला वन' असा तो सगळा मामला. घरांचा बाजार बसला आणि ट्रॅकखालचा आधारच गेला. हप्ते थकले, फेब्रुवारी २०२० मध्ये प्राधिकरणानं जमिनीचं वाटप रद्द केलं, मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं ते रद्द करणं कायम ठेवलं. त्याआधी जून २०२४ मध्ये जयप्रकाश असोसिएट्स ही मूळ कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांचे आणि इतरांचे दावे ५७ हजार कोटींच्या घरात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्ज देणाऱ्यांच्या समितीनं अदानींचा प्रस्ताव मंजूर केला, साधारण साडेचौदा हजार कोटींचा. मध्ये सप्टेंबर २०२३ ला मोटोजीपी येऊन गेली. पुन्हा फोटो, पुन्हा भाषणं. २०२४ ची रेस झालीच नाही.

आता ज्यांची जमीन होती त्यांचं बघा. २०११ च्या मे महिन्यात, पहिल्या रेसच्या पाच महिने आधी, याच एक्स्प्रेसवेच्या पट्ट्यातल्या भट्टा-पारसौलमध्ये भूसंपादनावरून गोळीबार झाला, शेतकरी आणि पोलीस दोन्हीकडची माणसं मेली. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कोयनेचं पाणी अडून साठ वर्षं झाली, पाटणच्या धरणग्रस्तांची नातवंडं अजून कागद घेऊन कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढतात. पण धरणानं निदान वीज दिली, पाणी दिलं. अडीच हजार एकरांतून तीन रविवार निघाले, हे मात्र पचत नाही.

काही मित्र म्हणतात, असले खेळ आपल्या देशात चालतच नाहीत. मला हे पटत नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० पासून आहे. क्लबवाल्यांनी स्वतः उभा केला. तिथं राष्ट्रीय स्पर्धा होतात, पोरं शिकतात, कंपन्या गाड्या तपासतात. तिथं कुणी मायावती आल्या नाहीत की व्हेटेल आला नाही, म्हणूनच बहुतेक तो टिकला. आणि फक्त आपलेच लोक असे बुडतात असंही नाही. जर्मनीतला नुर्बुर्गरिंग हा जुना, नामांकित ट्रॅक. तिथल्या राज्य सरकारनं त्याच्या शेजारी करमणूक नगरी काढली, रोलर कोस्टर बांधला आणि २०१२ मध्ये ट्रॅकसकट सगळं दिवाळखोरीत गेलं. माजी अर्थमंत्र्याला त्यात शिक्षा झाली. ट्रॅक मात्र आजही चालू आहे, कारण तिथं साधा माणूस पैसे भरून स्वतःची गाडी फिरवू शकतो. इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनवाल्यांनी २०१७ मध्ये सरळ सांगितलं, ही फी परवडत नाही, करार मोडतो. मग बोलणी झाली, नवा करार झाला, रेस राहिली. 'परवडत नाही' हे तोंडावर म्हणायला त्यांना लाज वाटली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बुद्ध सर्किट कुणाच्याही हातात जावो, त्याचे प्लॉट पाडू नयेत. एकदा बांधलेला एवढा चांगला ट्रॅक उखडणं हा दुसरा गुन्हा होईल. फॉर्म्युला वन परत आणायची भाषा अधूनमधून होते, ती खुशाल करा, पण फी सरकारच्या तिजोरीतून नको. आधी शेतकऱ्यांचे आणि घरं बुक केलेल्यांचे पैसे. आणि ट्रॅक वर्षाचे तीन दिवस नाही, तीनशे दिवस चालवा. गाड्यांच्या चाचण्या, ट्रकचालक आणि अँब्युलन्सचालकांचं प्रशिक्षण, कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धा. यात झगमगाट नाही, पण लाइटबिल निघतं.

आता हायवेवर येतो. रविवारी सकाळी सहा-साडेसहाला उंब्रजच्या पुलाजवळ उभे राहा. पुण्याकडून मोठ्या बाइकांची रांग येते, तासवडे टोलनाक्याच्या दिशेनं काटा कुठं जातो ते त्यांनाच माहीत. त्यांचं बघून आपली पोरं रात्री सर्व्हिस रोडला सायलेन्सर काढून तेच करतात. ट्रॅक्टरवाला, उसाची बैलगाडी, शाळेला निघालेली लेकरं सगळी त्याच रस्त्यावर. या पोरांना हौस आहे, ती दंडाच्या पावतीनं जात नाही. कोल्हापूरला मोहित्यांचा छोटा गो-कार्ट ट्रॅक आहे, तिकडची पोरं त्या वाटेनं देशपातळीवर गेली. म्हणजे आपल्या मातीत हे होतं.

आपल्या बैलगाडा शर्यतीचंच घ्या ना. कोर्टाची बंदी २०१४ ला आली, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ ला घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात-साडेसात वर्षं एकही अधिकृत मैदान नाही, तरी खेळ मेला नाही. कारण खर्च वाटलेला असतो. मालक बैल सांभाळतो, गाव वर्गणी काढतं, रान कुणीतरी देतं, आणि शर्यत झाली की त्याच रानात नांगर चालतो. अलीकडं मात्र बक्षिसात कुठं जीप, कुठं ट्रॅक्टर लागायला लागलेत, आयोजक नेता झालाय आणि त्याचा बॅनर बैलापेक्षा मोठा. तिथंही कुणीतरी हिशेब विचारायची वेळ आलीय, पण त्यावर वेगळं लिहीन, नाहीतर आज रात्रीच फोन येतील.

जिल्ह्यात कुठंही क्रीडासंकुलाचा नारळ फुटला की मी पत्रकार म्हणून दोन प्रश्न विचारतो: उद्घाटनानंतर वर्षाचा खर्च किती, आणि तो कुणाच्या खात्यातून? पहिल्याला 'कळवतो' असं उत्तर मिळतं. दुसऱ्याला चहा मिळतो.

तुमच्या गावात असं बांधून ठेवलेलं आणि कुलूप लावलेलं मैदान, व्यायामशाळा, तलाव असेल तर खाली गावाच्या नावासह लिहा. फोटो असला तर अजून बरं.