वल्हं हातात घ्यायच्या आधी

सुट्टी लागली की ग्रुपवर प्लॅन सुरू होतात. कुणी कोकण म्हणतं, कुणी महाबळेश्वर, कुणाला कोलाडला राफ्टिंग करायचं असतं. पण युसूफ वडगाव, केज, कळंबकडच्या पोरापोरींना म्हणा, ‘चला, आपल्या मांजरेत होडी घालू’, की सगळे आधी हसतात. ‘पाणी असतं का तिला?’

हसण्याला कारण आहे. धनेगावचं धरण आटलं म्हणून १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. गंमत म्हणजे देशातल्या १११ जलमार्गांचा कायदाही त्याच दिवशी लागू झाला, आणि त्या यादीत मांजरेचं नाव आहे! टप्पा खालचा, तेलंगणातला. पण नदी आपलीच. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये याच धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले आणि काठची उभी पिकं पाण्यात गेली. आपल्या पिढीला नदी माहीत आहे ती अशी, एकतर टँकरच्या बातमीतून, नाहीतर पुराच्या व्हिडिओतून. म्हणून तिच्यावर एक दिवस काढायलाच हवा, असं आमचं म्हणणं आहे. फक्त तो नीट आखून काढा.

पहिली गोष्ट वेळेची. पावसाळ्यात विषयच नको. पाऊस थांबून नदी निवळली की, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, हा काळ बरा. कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं, कारण भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत पाणी सुटतं. आपल्याकडेही धरणाखालची नदी धरणाच्याच हुकमावर चालते. आभाळ निरभ्र असलं तरी वरून पाणी सुटू शकतं. त्यामुळे धरणावरच्या कार्यालयात विचारल्याशिवाय आणि परवानगी घेतल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. गावात आणि पोलिस ठाण्यातही सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट अंतराची. संथ पाण्यात नवखा माणूस तासाला तीन-चार किलोमीटर जातो, तेही दम असेपर्यंत. पहिल्याच खेपेला पाच-सहा किलोमीटर पुरे. सकाळी लवकर निघा आणि वारा वाढायच्या आत काठाला या. धरणाच्या उघड्या पाण्यावर वारा उलटा फिरला, तर होडी जागची हलत नाही.

तिसरी गोष्ट धोक्याची. काठाला मोटारींच्या वायरी असतात, पाण्याखाली बुडालेल्या बाभळी असतात, माशांची जाळी असतात. खाली लातूरकडे बॅरेज आहेत. बॅरेजवरून पडणारं पाणी पायथ्याशी मागे वळतं आणि माणसाला तिथंच घोळवत ठेवतं. वरून ते शांत दिसतं, म्हणूनच फसवतं. बॅरेज दिसलं की लांबूनच काठाला या, होडी उचला आणि चालत पलीकडे जा. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवं, पट्ट्या आवळून. पट्टीचा पोहणारा असला तरी त्यालाही सूट नाही. ट्रॅक्टरची ट्यूब आणि थर्माकोल ही काही होडी नव्हे. सोबत शिकलेला माणूस नसेल तर बेत पुढे ढकला. आणि मासेमारी करणाऱ्या काठावरच्या भोई मंडळींशी आधी बोला. जुनं पात्र कुठं खोल आहे, हे मोबाइलच्या नकाशावर दिसत नाही, त्यांना मात्र पाठ असतं.

घरचे म्हणतील, ‘पाण्याच्या वाटेला जाऊ नका.’ त्यांची भीती खरी आहे, पण ती घालवायला बंदी उपयोगी नाही; पोहायला शिकणं उपयोगी आहे. कॉलेजांनीही यात उतरावं. रासेयोचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी होतं. त्यातला एक दिवस नदीला का देऊ नये? गटार कुठं मिळतं, वाळू कुठं उपसलीय, जलपर्णी कुठवर आलीय, याची नोंद होडीतून फार चांगली होते. हेच पाणी आपल्या नळाला येतं. ती नोंद ग्रामसभेत मांडली, तर तुमचं म्हणणं कुणाला सहज उडवून लावता येणार नाही.

होडी नंतर बघू. या रविवारी वही घ्या, दोघे-तिघे मिळून दोन किलोमीटर काठाकाठानं चाला. कुठं उतरता येईल, कुठं बाहेर पडता येईल, एवढंच लिहून आणा. ट्रिपचा प्लॅन तिथून सुरू होतो.