वाचून सांगा, कसे वाटले?

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी वसाहतीत बदलीवर आलेली मराठी माणसे एकमेकांना लवकर हुडकून काढतात. आयएनए मार्केटात भाजी घेताना मराठी कानावर पडले, की आठवड्याच्या आत चहाचे आमंत्रण ठरलेले. त्यात एखाद्याला वाचनाची आवड आहे असे कळले, की तिसऱ्या-चौथ्या भेटीत वही पुढे येते. हल्ली वहीऐवजी मोबाइलवर मजकूर येतो, एवढाच फरक. काही उत्साही मंडळी तर आपणहून सांगून टाकतात, "लिहिलेले पाठवत जा, मी बघून देईन."

बघून देणे म्हणजे नक्की काय, याचा विचार मात्र दोघेही करीत नाहीत. बहुधा "छान आहे" एवढ्यावर भागते. लिहिणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो, पण नुकसानही होत नाही. नुकसान करतो तो लाल पेन घेऊन बसणारा वाचक.

ज्या राणीच्या नावाची ही वसाहत, तिची झाशी डोळ्यांनी पाहिलेल्या एका मराठी माणसाच्या पुस्तकाची हकिकत या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. 1858 मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सारा प्रवास लिहून काढला आणि हस्तलिखित वैद्यांच्या स्वाधीन केले. वैद्य म्हणजे महाभारताचे गाढे अभ्यासक. असा वाचक लाभणे हे केवढे भाग्य!

'माझा प्रवास' 1907 साली छापून निघाला, पण वैद्यांनी भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. भटजी तोवर वारले होते, विचारायचे कोणाला? वैद्यांच्या बाजूनेही बोलता येईल. इंग्रजी अमलात बंडाची हकिकत छापणे जोखमीचेच होते. पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. तरीही जवळजवळ साठ वर्षे वाचक भटजींचे म्हणून जे वाचत होते, ते सगळे भटजींचे नव्हते. वैद्यांनी एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केली. मूळ हस्तलिखित नाहीसे होऊ न देता त्यांनी ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिले. त्यावरूनच दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली मूळ मजकूर प्रसिद्ध केला, आणि कोकणातल्या त्या भिक्षुकाचे बोलणे त्याच्याच शब्दांत लोकांपुढे आले.

शेजाऱ्याच्या वहीला इतिहासाचे मोल नसेल, पण चूक तीच घडते. दिल्लीत जन्मलेली मुलगी कथेत 'बरसाती' लिहिते, 'मोहल्ला' लिहिते. पुण्याहून आलेले काका ते खोडून 'गच्चीवरची खोली' आणि 'आळी' करतात. मराठी शुद्ध होते, पण कथा दिल्लीची उरत नाही. त्या बिचारीला वाटते, मोठ्यांना कळत असणार!

'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची रीत निराळी होती. कथा कोठे अडते, ते लेखकाला पत्राने कळवायचे आणि पुन्हा लिहिण्याचे काम त्याच्याकडूनच करवून घ्यायचे, यावर त्यांचा भर असे. त्यापायी वेळ जाई, रुसवेफुगवे होत. एवढी काळजी घेऊनही सगळेच खूश नव्हते. आपल्या लेखनाला तेथे दार बंद आहे, असे वाटणाऱ्या तरुण लेखकांनी 1969 मध्ये 'सत्यकथे'चा अंक जाळला. मत देणाऱ्याने एवढी तयारी ठेवावीच लागते.

म्हणून "बघून देईन" म्हणण्याआधी समोरच्याला एकदा विचारावे: छापायला पाठवायचे आहे, की नुसते कोणीतरी वाचावे एवढीच इच्छा आहे? नव्वद वर्षांच्या आजीने नातवंडांसाठी आठवणी लिहिल्या असतील, तर तेथे व्याकरण काढून बसू नये. छापायचे असेल, तर कोठे कंटाळा आला, कोठे पात्राचे वागणे पटले नाही, ते पानासकट सांगावे, आणि कबूल केलेल्या दिवशी सांगावे. वही सहा महिने कपाटात पडून राहिली, तर लिहिणारा त्याचा अर्थ काढतोच. खुणा पेन्सिलीने कराव्यात. मजकूर मोबाइलवर आला असेल, तर मूळ प्रत लेखकाने जपून ठेवली आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.