दशकाचा गठ्ठा

तिसरीला हातच्याची वजाबाकी चालली होती. बाईंनी दशकाचा गठ्ठा सोडला, दहा सुट्या काड्या मुलांच्या पुढ्यात टाकल्या. मागे बसलेल्या एका मुलीला आता उमगणार, असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तेवढ्यात केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर निरोप आला : तात्काळ, दोन वाजेपर्यंत माहिती भरा, नसल्यास निरंक कळवा. काड्या तशाच राहिल्या. शाळा द्विशिक्षकी, आणि दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेलेले.

शिक्षकांच्या ताणाचा विषय काढला की लोक त्यांचा पगार आणि मे महिन्याची सुट्टी मोजून दाखवतात. मला हा हिशेब मुळातच चुकीचा वाटतो. चार वर्गांची पन्नासेक मुलं एकटीने सांभाळून बाई दमतात, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. त्या म्हणतात, “दिवसभर राबले, पण आज काय शिकवलं ते सांगता येत नाही.”

आरोग्य-संशोधक मायकेल मार्मट यांनी 1985 पासून लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी नोकरांचा अभ्यास केला. आपल्या कामात स्वतः फारसं काही ठरवता येत नाही अशांना हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. बाईंचं दुखणं हेच, स्वतः काही ठरवता न येण्याचं आहे.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं 27वं कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करतं. पण पोषण आहाराची रोजची नोंद, आधारची जुळवणी, यू-डायस प्रणालीत शाळेची माहिती भरणं, कार्यक्रमाचे फोटो ही शाळेचीच कामं ठरतात. एकेक काम दहा मिनिटांचं, आणि त्याची गरजही पटण्यासारखी. मात्र ते कधी येऊन पडेल हे बाईंच्या हातात नाही. केंद्रप्रमुखांच्याही नाही, ‘तात्काळ’ हा शब्द जिल्ह्याकडून तालुक्याला आणि तालुक्याकडून त्यांना आलेला असतो.

अशा वेळी ताणमुक्तीचं शिबिर घेतात. प्राणायाम चांगलाच आहे, पण शिबिरासाठी शाळेचा आणखी एक दिवस जातो. त्यापेक्षा शाळा भरल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत कुणीही माहिती मागू नये, एवढं तरी व्हावं. त्याला पैसा लागत नाही, मंत्रालयाची वाट बघावी लागत नाही. एखाद्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर आपल्या तालुक्यापुरतं ते सोमवारपासून सुरू होईल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गठ्ठा पुन्हा बांधला आणि मुलांसमोर पुन्हा सोडला. काढणीचे दिवस होते. ती मुलगी शाळेत आली नव्हती.