रानातील मुलांना समुद्र कशाला?

समुद्रातील प्राण्यांवरील यमकबद्ध ओळींचे एखादे चित्रमय पुस्तक गडचिरोलीच्या शाळेत आले, तर काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "येथे चोहीकडे साग, बांबू आणि मोह. येथील मुलांना देवमाशाशी काय कर्तव्य?" हा विचार वरवर योग्य वाटतो, परंतु मला तो पटत नाही.

पहिली गोष्ट अशी, की समुद्र आपणांस वाटतो तितका परका नाही. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता निर्माण होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. आपल्या ओढ्याचे पाणी याच वाटेने सागराकडे जाते. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यात ज्या चुनखडीपासून सिमेंट करतात, ती कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. म्हणजे एके काळी समुद्रच येथे होता!

दुसरी गोष्ट भाषेची. येथील अनेक मुले घरी गोंडी किंवा माडिया बोलतात. पुस्तकी मराठी त्यांना आरंभी अवघड जाते. यमकामुळे ओळ जिभेवर खेळू लागते आणि चित्रामुळे शब्दाचा अर्थ उलगडतो. खेकडा, झिंगा आणि कासव त्यांना नदीकाठी भेटलेलेच असतात. या ओळखीच्या सोबत्यांचा हात धरून ती तारामासा व समुद्रघोडा यांच्यापर्यंत सहज पोहोचतात.

मात्र यमकाच्या हौसेपायी सत्याचा बळी देता कामा नये. देवमाशाच्या नावात 'मासा' असला तरी तो मासा नव्हे; तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. निळा देवमासा सुमारे ३० मीटरपर्यंत लांब वाढतो. पानावर तो झिंग्याएवढा दिसला, तर वाचकाची फसगत होईल. त्याच्याशेजारी एकामागे एक तीन एस. टी. गाड्या काढल्या, तर त्याचा आकार कोणालाही कळेल.

आणखी एक मागणे आहे. ही देवघेव दोन्ही बाजूंनी व्हावी. २०२३ साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. तो जितका रत्नागिरीचा, तितकाच अहेरीचा. मग ताडोबाचा वाघ आणि कोलामार्काची रानम्हैस यांची गाणी कोकणातील मुलांच्या हाती का असू नयेत? जे डोळ्यांनी पाहिले नाही, त्याविषयीही आपुलकी वाटू लागणे, हेच वाचनाचे खरे फळ होय.